हौशी नेमबाजीची .२२ रायफल

.२२ रायफल (उच्चारी 'पॉइंट टू-टू') ही सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणारी, कमी शक्तीची व वजनाने हलकी रायफल आहे. नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण, कागदी लक्ष्यावरील सराव आणि रिकामे डबे किंवा धातूच्या लहान चकत्या टिपण्याची हौशी नेमबाजी यांसाठी ती जगभर वापरली जाते. डबे-चकत्या टिपण्याच्या या करमणुकीस अमेरिकेत 'प्लिंकिंग' म्हणतात. पत्र्यावर गोळी आदळताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले.

या प्रकारातील बहुतेक रायफली .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. काडतूस स्वस्त आहे, त्याचा आवाज तुलनेने कमी आहे आणि खांद्याला बसणारा धक्का जवळपास जाणवत नाही. त्यामुळे रायफलीची निवड शक्तीवरून न होता वजन, दस्त्याची लांबी, चापाचा दाब आणि भरण्याची यंत्रणा यांवरून होते. हाताळण्यास सोपी असल्याने ही रायफल खेळण्यासारखी वाटू शकते. प्रत्यक्षात तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते आणि प्राणघातक ठरू शकते.

## नाव व मापे

'.२२' ही संख्या इंचातील व्यास दर्शवते. ०.२२ इंच म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर. युरोपात हेच काडतूस ५.६ मिलिमीटर या मापानेही ओळखले जाते. 'लाँग रायफल' हे काडतुसाचे नाव आहे. रायफलीच्या लांबीशी त्याचा संबंध नाही.

.२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन या दोन काडतुसांच्या नावांत साम्य असल्यामुळे अनेकदा गोंधळ होतो. दोहोंच्या गोळ्यांचा व्यास जवळपास सारखाच आहे. मात्र .२२३ रेमिंग्टन हे लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतुसाचे नागरी भावंड असून त्याच्या गोळीची ऊर्जा .२२ लाँग रायफलच्या सुमारे नऊ-दहापट असते. दोन्ही काडतुसे परस्परांच्या रायफलीत चालत नाहीत.

## इतिहास

फ्रेंच बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास आघाती टोपीतच छरा बसवून एकसंध छोटे काडतूस तयार केले. घराच्या दिवाणखान्यात किंवा बागेत करमणूक म्हणून नेमबाजी करण्यासाठी त्याच्या बंदुका युरोपात लोकप्रिय झाल्या. हौशी नेमबाजीसाठी लहान काडतूस ही कल्पना अशा रीतीने प्रारंभापासूनच या घराण्याशी जोडलेली आहे.

अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी .२२ शॉर्ट हे काडतूस आणले. १८७१ मध्ये त्याहून लांब पुंगळीचे .२२ लाँग आले. १८८७ मध्ये .२२ लाँगची पुंगळी आणि ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची गोळी यांचा मेळ घालून .२२ लाँग रायफल हे काडतूस तयार झाले. त्याचे श्रेय सामान्यतः जे. स्टीव्हन्स या अमेरिकी कंपनीस दिले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जत्रांत नेमबाजीचे गाळे लोकप्रिय झाले. जॉन ब्राउनिंग व त्याच्या भावाच्या आराखड्यावर बनलेली विंचेस्टरची १८९० ची पंप रायफल या गाळ्यांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्याच काळात मुलांसाठी एकेरी काडतुसाच्या स्वस्त रायफली बाजारात आल्या. ब्राउनिंगने पुढे आखलेल्या स्वयंभरण .२२ रायफलीचे उत्पादन बेल्जियममधील एफएन कंपनीने १९१४ मध्ये सुरू केले. ही रायफल हत्याराविना दोन भागांत सुटी होत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वजन आणि किंमत कमी करण्याकडे उत्पादकांचा कल वाढला. रेमिंग्टनने १९५९ मध्ये नायलॉनच्या दस्त्याची नायलॉन ६६ ही रायफल आणली. लाकडाला सरावलेल्या ग्राहकांचा कृत्रिम दस्त्यावर विश्वास बसावा म्हणून कंपनीचा प्रतिनिधी टॉम फ्राय याने त्याच वर्षी हवेत उडवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर नेम धरण्याचे दीर्घ प्रात्यक्षिक केले. १,००,०१० ठोकळ्यांपैकी त्याचे केवळ सहा नेम चुकले. १९६० मध्ये मार्लिन मॉडेल ६० आणि १९६४ मध्ये रुगर १०/२२ या रायफली आल्या. हौशी नेमबाजीच्या क्षेत्रात सर्वाधिक खपलेल्या रायफलींत या दोहोंची गणना होते.

## काडतूस

.२२ लाँग रायफल हे रिमफायर प्रकारचे काडतूस आहे. यात ठिणगी पाडणारे रसायन पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ कडेत भरलेले असते आणि रायफलीचा आघातखिळा त्या कडेवर आपटतो. सेंटरफायर काडतुसात हेच रसायन बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपीत असते. कडेवर आघात व्हायचा असल्यामुळे रिमफायर पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. परिणामी आतला दाब मर्यादित राहतो आणि काडतूस मोठ्या शक्तीचे करता येत नाही. वापरलेली पुंगळी व्यवहारात पुन्हा भरता येत नाही; मात्र उत्पादन सोपे असल्याने नवे काडतूसच स्वस्त पडते.

वेगानुसार या काडतुसाचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

* प्रमाण वेग व मंदध्वनी: गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर किंवा त्याहून कमी. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, आत राहतो. स्पर्धेची काडतुसे याच वर्गातील असतात.
* उच्च वेग: सेकंदाला सुमारे ३६५ ते ३८० मीटर. हौशी नेमबाजीत यांचा वापर सर्वाधिक होतो.
* अतिउच्च वेग: हलकी गोळी वापरून वेग सेकंदाला ४२५ मीटरच्या वर नेला जातो.

वेग अधिक म्हणजे अचूकता अधिक असे नसते. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाखाली येते. त्या संक्रमणात तिची स्थिरता थोडी बिघडते. लक्ष्यभेदाच्या स्पर्धांत मंद काडतूस वापरण्याचे हे एक कारण आहे.

नळीच्या तोंडाशी ४० ग्रेन गोळीची ऊर्जा सुमारे १४० ते १९० ज्यूल असते. स्पर्धेतील १० मीटर एअर रायफलीची ऊर्जा ७.५ ज्यूलच्या आत असते, यावरून दोन्ही साधनांतील फरक लक्षात येतो. ५० मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी १०० मीटरवर नेमाच्या सुमारे १५ ते २० सेंटिमीटर खाली पडते. म्हणून हौशी नेमबाजीची सोयीची मर्यादा सामान्यतः ५० ते ७५ मीटर मानली जाते.

## यंत्रणेनुसार प्रकार

एकेरी: दर वेळी एकच काडतूस हाताने भरावे लागते. यंत्रणा साधी असते व वजन सर्वांत कमी ठेवता येते. प्रत्येक गोळीपूर्वी थांबावे लागत असल्यामुळे नवशिक्यांच्या शिक्षणासाठी हा प्रकार योग्य समजला जातो.

बोल्ट: दांडा मागे-पुढे करून पुंगळी बाहेर काढली जाते व नवे काडतूस नळीत सरकते. मंद आणि वेगवान अशी दोन्ही काडतुसे यात चालतात. बोल्ट उघडा ठेवला की रायफल झाडली जाऊ शकत नाही, हे लांबूनही दिसते. शाळा, छात्रसेना आणि क्लब यांच्या पसंतीमागे हे महत्त्वाचे कारण आहे.

लिव्हर व पंप: चापाखालील कडी किंवा नळीखालील मूठ हलवून काडतूस भरले जाते. काडतुसे बहुधा नळीखालील लांब नळकांड्यात असतात. यांतील अनेक रायफलींत शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल अशी तिन्ही काडतुसे चालतात.

स्वयंभरण: झाडलेल्या काडतुसाच्या दाबाने पुंगळी बाहेर पडते व पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. चाप दर वेळी स्वतंत्रपणे ओढावा लागतो. यंत्रणा पूर्ण हलण्यास पुरेसा दाब लागत असल्याने मंद काडतुसांवर ती अडखळू शकते. मॅगझीन काढल्यानंतरही एक काडतूस नळीत राहू शकते, हा या प्रकाराचा मोठा धोका आहे.

## वजन आणि स्थिरता

हौशी वापराच्या .२२ रायफलींचे वजन साधारणतः २ ते २.७ किलोग्रॅम असते. मुलांच्या एकेरी रायफली सव्वा किलोपर्यंतही खाली येतात. दुसऱ्या टोकास ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल आहे. ती हेच काडतूस वापरते. तरीही पुरुषांच्या स्पर्धेत तिच्या वजनाची कमाल मर्यादा ८ किलोग्रॅम आहे. एकाच काडतुसाच्या रायफलींत वजनाचा इतका फरक का, हा निवडीतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

मोठ्या काडतुसाच्या रायफलीत वजनाचा एक उपयोग धक्का शोषण्यासाठी होतो. .२२ च्या बाबतीत हे कारण लागू होत नाही. अडीच किलोच्या रायफलीला मागे ढकलणारी ऊर्जा पाव ज्यूलच्या आसपास असते; .३०-०६ सारख्या शिकारी काडतुसात ती २० ज्यूलहून अधिक असते. म्हणून .२२ रायफल कितीही हलकी केली तरी ती खांद्याला त्रास देत नाही.

हलकेपणाची किंमत स्थिरतेत मोजावी लागते. श्वास, नाडीचे ठोके आणि स्नायूंचा सूक्ष्म कंप यांमुळे नळीचे टोक सतत हलत असते. जड रायफल जडत्वामुळे या हालचालींना सावकाश प्रतिसाद देते, हलकी लगेच देते. त्यामुळे उभ्याने नेम धरताना पातळ नळीची हलकी रायफल अधिक डगमगते. बसून, कोपर टेकवून किंवा पट्ट्याचा आधार घेऊन नेम धरल्यास हा तोटा बराच कमी होतो.

चापाचा दाब या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. कारखान्यातून येणाऱ्या अनेक स्वस्त रायफलींचा चाप ओढण्यास २ ते २.७ किलोग्रॅमचा दाब लागतो. रायफलीचे वजनही तेवढेच असेल, तर चाप ओढणारे बोटच तिला नेमावरून हलवू शकते. जड रायफलीत खपून जाणारा कठीण चाप हलक्या रायफलीत दोष ठरतो. दीड किलोच्या आसपासचा, अडखळण नसलेला चाप हौशी वापरास पुरेसा हलका आणि सुरक्षित मानला जातो. काही उत्पादक वापरणाऱ्यास दाब कमी-अधिक करता येईल असे चाप देतात. चापाचे भाग घरी घासून दाब कमी करणे मात्र धोकादायक असते. अशी रायफल नुसत्या आपटण्यानेही झडू शकते.

वजन कोठे आहे, हेही महत्त्वाचे असते. नळी लांब व जाड असल्यास तोल पुढे जातो आणि रायफल प्रत्यक्षापेक्षा जड वाटते. .२२ लाँग रायफलच्या काडतुसात दारू थोडी असते व तिचा बहुतेक उपयोग पहिल्या ४० सेंटिमीटरांतच होऊन जातो. म्हणून आखूड नळीने वेगात फारशी घट होत नाही. लांब नळीचा लाभ मुख्यतः उघड्या साइटमधील अंतर वाढून नेम अधिक काटेकोर होण्यात असतो. दुर्बीण बसवायची असेल तर हा लाभ उरत नाही. उलट दुर्बीण व तिच्या कड्यांमुळे वजनात ३०० ते ५०० ग्रॅमची भर पडते.

## अंगास बसणारी रायफल

दस्त्याच्या मागील टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत सुमारे ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. मुलांच्या रायफलीत ते २८ ते ३० सेंटिमीटर ठेवतात. दस्ता लांब झाल्यास डोके पुढे ताणावे लागते, हात अवघडतो आणि चापावर बोटाचे टोक कसेबसे पोहोचते. मूल वाढेल या हिशेबाने मोठी रायफल घेतल्यास चुकीच्या सवयी अंगवळणी पडतात. जाड पट्ट्या घालून लांबी वाढवता येणारे दस्ते हा त्यावरचा उपाय आहे.

वजन पेलते की नाही, याची साधी परीक्षा प्रशिक्षक घेतात. रिकामी व तपासलेली रायफल खांद्याला लावून उभे राहिल्यावर नेमबाज कमरेतून मागे झुकत असेल, तर ती त्याच्यासाठी जड किंवा लांब आहे असे समजतात.

कोणता डोळा प्रबळ आहे, हेही पाहिले जाते. उजव्या हाताच्या व्यक्तीचा डावा डोळा प्रबळ असू शकतो. अशा व्यक्तीस डाव्या खांद्यावरून नेम धरणे सोपे जाते. डावखुऱ्या नेमबाजास उजव्या बाजूने पुंगळी फेकणारी रायफल गैरसोयीची वाटू शकते. खाली पुंगळी टाकणारी ब्राउनिंगची स्वयंभरण रायफल किंवा दोन्ही हातांस सारखीच असलेली लिव्हर रायफल अशा वेळी उपयोगी पडते.

## काही परिचित रायफली

पुढील वजने दुर्बीण व काडतुसे वगळून, स्थूलमानाने दिली आहेत. एकाच रायफलीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत ती बदलतात.

* रुगर १०/२२ कार्बाइन – स्वयंभरण, फिरत्या चक्राचे १० काडतुसांचे मॅगझीन, सुमारे २.३ किलोग्रॅम. दहा काडतुसे व .२२ व्यास यांवरून नाव पडले. सुटे भाग सर्वाधिक प्रमाणात मिळणारी रायफल. दोन भागांत सुटी होणारी आवृत्ती २०१२ मध्ये आली.
* मार्लिन मॉडेल ६० – स्वयंभरण; नळीखालील नळकांड्यात काडतुसे; सुमारे २.५ किलोग्रॅम. मॅगझीन हरवण्याचा प्रश्न नसतो. मात्र रिकामी करण्यास वेळ लागतो.
* रेमिंग्टन नायलॉन ६६ – स्वयंभरण, काडतुसे दस्त्यातील नळकांड्यात, सुमारे १.८ किलोग्रॅम. उत्पादन बंद असून जुन्या रायफलीच मिळतात.
* हेन्री एच००१ – लिव्हर, लाँग रायफलची १५ काडतुसे, सुमारे २.४ किलोग्रॅम.
* एआर-७ – स्वयंभरण, ८ काडतुसे, हेन्री कंपनीची आवृत्ती सुमारे १.६ किलोग्रॅम. यूजीन स्टोनर याने आर्मालाइट कंपनीत आखलेल्या या रायफलीचे भाग तिच्याच पोकळ दस्त्यात मावतात. सोबत बाळगण्यास उत्तम. उभ्याने नेम धरण्यास कठीण.
* सीझेड ४५७ – बोल्ट, ५ काडतुसांचे मॅगझीन, सुमारे २.८ किलोग्रॅम. चेक बनावटीची, अचूकतेसाठी ओळखली जाणारी रायफल.
* सॅव्हेज रास्कल – एकेरी, सुमारे १.२ किलोग्रॅम. मुलांच्या मापाचा आखूड दस्ता.

या यादीतील टोकाच्या हलक्या रायफली बहुधा विशिष्ट गरजेसाठी घडवलेल्या आहेत: वाहून नेणे किंवा लहान अंगकाठी. सर्वसाधारण हौशी नेमबाजासाठी सव्वादोन ते अडीच किलोंची रायफल हा प्रचलित मध्यममार्ग आहे.

## काडतुसाशी जुळणी

एकाच कारखान्यातील सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींना निरनिराळी काडतुसे मानवतात, असा .२२ नेमबाजांचा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून सुरुवातीस चार-पाच प्रकारच्या काडतुसांचे लहान डबे घेऊन, आधारावरून प्रत्येकी पाच किंवा दहा गोळ्यांचे गट कागदावर झाडून पाहतात. ज्याचा गट सर्वांत आटोपशीर तेच काडतूस पुढे वापरतात. ही चाचणी सर्वांत महागड्या काडतुसाच्याच बाजूने लागेल असे नाही.

नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचणे अनिवार्य आहे. १९५९ मध्ये आलेल्या .२२ मॅग्नम काडतुसाची पुंगळी अधिक रुंद असते. तिच्या कोठीत .२२ लाँग रायफल झाडल्यास पुंगळी फाटते. २००२ मध्ये आलेले .१७ एचएमआर हे काडतूसही वेगळे असून ते .२२ रायफलीत वापरता येत नाही.

सेंटरफायरच्या तुलनेत रिमफायर काडतूस न झडण्याचे प्रमाण अधिक असते. चाप ओढूनही काडतूस न झडल्यास नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबण्याची शिफारस केली जाते, कारण काडतूस क्वचित उशिरा झडते. झाडल्याचा आवाज नेहमीपेक्षा क्षीण आल्यास गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी नळी तपासल्याशिवाय दुसरी गोळी झाडत नाहीत.

## वापरलेली रायफल घेताना

.२२ रायफली दीर्घकाळ टिकतात. शिसाच्या मऊ गोळीने नळीची झीज अत्यंत सावकाश होते. जुन्या रायफलीत नळीच्या तोंडाची कड, नळीतील गंज, कोठीच्या कडेवरील खड्डा आणि सेफ्टीचे काम तपासले जाते. कोठीच्या कडेवरील खड्डा रिकाम्या रायफलीचा चाप वारंवार ओढल्याने पडतो. आघातखिळा काडतुसाऐवजी नळीच्या कडेवर आपटत राहतो आणि पुढे काडतुसे अडकू लागतात. हा परिणाम सर्वच रायफलींत होत नाही. त्यामुळे उत्पादकाची सूचना पाहावी लागते. चुकीच्या पद्धतीने, तोंडाकडून दांडी घालून केलेली साफसफाईही नळीच्या कडेस इजा करते.

## सुरक्षितता

.२२ लाँग रायफलची गोळी दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटरपर्यंत धोकादायक असल्याचा इशारा काडतुसांच्या डब्यांवर छापलेला असतो. डबा पन्नास पावलांवर असला तरी चुकलेली गोळी त्याच्यामागे थांबत नाही. त्यामुळे लक्ष्यामागे गोळी अडवणारा उंच मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार असणे ही या खेळाची पहिली अट आहे. झुडपे, लाकडी कुंपण किंवा क्षितिज यांना अडथळा मानत नाहीत.

शिसाची मंद गोळी पाणी, दगड आणि गोठलेली जमीन यांवरून सहज उसळते व तिची दिशा सांगता येत नाही. म्हणून पाण्यावरील वस्तू, दगड व काचेच्या बाटल्या लक्ष्य म्हणून वापरत नाहीत. धातूच्या चकत्या .२२ साठीच बनवलेल्या, झुलत्या किंवा खाली झुकलेल्या असाव्या लागतात.

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर याने रूढ केलेले चार नियम या रायफलीसही लागू आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजणे, जे नष्ट करायचे नाही त्याकडे नळी न वळवणे, नेम स्थिर होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे आणि लक्ष्य व त्यामागील जागा यांची खात्री करणे. धक्का व आवाज कमी असल्यामुळे .२२ हाताळताना याच नियमांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. हलक्या रायफलीची आखूड नळी वळताना सहज इतरांकडे फिरते, म्हणून नवशिक्याशेजारी प्रशिक्षक हाताच्या अंतरावर उभा राहतो.

.२२ रायफलीच्या आवाजाची तीव्रता १४० डेसिबलच्या आसपास जाऊ शकते. तो कानास फारसा मोठा वाटला नाही तरी वारंवार ऐकल्यास श्रवणशक्तीस इजा करतो. कान व डोळे झाकणारी साधने वापरणे आणि शिसाच्या संपर्कामुळे नेमबाजीनंतर खाण्यापूर्वी हात धुणे आवश्यक मानले जाते. घरात रायफल आणि काडतुसे स्वतंत्र कुलपांत ठेवली जातात.

## कायदा

अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्यास १८ वर्षांखालील व्यक्तीस रायफल विकता येत नाही. १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफलीची १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली वेगळी नोंदणी करावी लागते. राज्यांचे व नगरांचे नियम याशिवाय असतात. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर स्वयंभरण रायफलींपैकी केवळ .२२ रिमफायर प्रकारासच मुभा राहिली. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर स्वयंभरण .२२ रायफलही निर्बंधित वर्गात गेली. त्यामुळे तेथील हौशी नेमबाज मुख्यतः बोल्ट व लिव्हर रायफली वापरतात.

भारतात .२२ रायफल हे शस्त्र अधिनियम, १९५९ खालील परवानायोग्य अग्निशस्त्र आहे. परवान्यासाठी किमान वय सामान्यतः २१ वर्षे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास अधिकाधिक दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात. सार्वजनिक समारंभात आनंदाप्रीत्यर्थ गोळीबार करणे याच दुरुस्तीने दंडनीय ठरवले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकारीसाठी तिचा वापर करता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतील शेतावर डबे टिपण्याची मोकळीक भारतीय परिस्थितीस लागू होत नाही, येथे.२२ चा सराव क्लबच्या किंवा सरकारी चांदमारीच्या मैदानावर होतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या व २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीस परवाना लागत नाही. भारतातील बहुतेक हौशी नेमबाज याच साधनापासून सुरुवात करतात.

## भारत व महाराष्ट्र

भारतात अनेकांचा .२२ रायफलीशी पहिला परिचय राष्ट्रीय छात्रसेनेत होतो. छात्रांचे गोळीबाराचे प्राथमिक शिक्षण २५ मीटर अंतरावर, बोल्ट प्रकारच्या .२२ रायफलीने, जमिनीवर पालथे पडून दिले जाते. पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात या व्यासाच्या रायफली तयार झाल्या आहेत.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाने होणारी स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी म्हणून ओळखली जाते. मुंबईत वरळी येथे आणि पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजीची केंद्रे आहेत.

.२२ काडतुसाच्या ५० मीटर प्रकारात कोल्हापूरच्या नेमबाजांनी ठळक कामगिरी केली आहे. तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेतील लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो. स्पर्धेची जड रायफल आणि हौशी नेमबाजाची हलकी रायफल यांतील काडतूस एकच असले, तरी पहिली स्थिरतेसाठी आणि दुसरी सहज वापरासाठी घडवलेली असते.

## हेही पाहा

* एअर रायफल
* नेमबाजी
* काडतूस
* राष्ट्रीय छात्रसेना
* ऑलिंपिक खेळांतील नेमबाजी